ओपन-बॅक हेडफोन बिघडला? स्क्रू खोलण्याआधी एवढं तपासा

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. दिवसा मशीनच्या पॅनेलमधली कार्डं आणि संध्याकाळी घरच्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा हेडफोन. आधी एका मित्राचा आला, मग त्याच्या मेव्हण्याचा, मग मेव्हण्याच्या ऑफिसातल्या कुणाचा. तक्रार मात्र तीच ती. "दादा, एका बाजूचा आवाज गेलाय. ड्रायव्हर उडाला वाटतं."

ड्रायव्हर, म्हणजे कपातला आवाज काढणारा भाग, खरंच उडालाय असं फार क्वचित निघतं. दोष बहुतेकदा केबलीत, पॅडमध्ये, फोनच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरच्या पडद्यावर जाऊन बसलेल्या एखाद्या केसात असतो. पण हेडफोन माझ्याकडे येतो तोवर त्याचे दोन स्क्रू घासलेले असतात आणि मूळ दोषाच्या सोबतीला एक नवा दोष तयार असतो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहून ठेवतोय. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर.

लक्षणं

- एक बाजू मंद वाजते, किंवा मान हलवली की जाते-येते.
- आवाज पातळ झालाय. डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज हरवलाय.
- वाद्यं ऐकू येतात, पण गायक विहिरीच्या तळातून गातोय असं वाटतं.
- ठरावीक खालच्या सुरावर खरखर किंवा फडफड होते, इतर वेळी सगळं ठीक.
- गाणं बंद असतानाही सतत हम्म येतो.
- अर्ध्या तासात कान, कानशिलं किंवा टाळू दुखायला लागते.

यातलं आपलं कुठलं ते आधी ठरवा. आणि एक पथ्य पाळा, एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, फोन आणि गाणं तिन्ही एकदम बदललं आणि आवाज सुधारला, तर सुधारला कशाने हे कळायला मार्ग उरत नाही.

पहिली तपासणी: फॅन बंद करा

हसू नका. गंगापूर रोडचे एक काका बायरडायनॅमिकचा डीटी ९९० घेऊन आले होते. डिसेंबरात घेतला तेव्हा बेस छान होता, मार्चपासून गेला म्हणाले. मी माझ्या खोलीत लावून बघितला, उत्तम वाजत होता. मग उलगडा झाला. नाशिकच्या थंडीत फॅनला कुणी हात लावत नाही, मार्चात तो सुरू होतो तो पार पावसाळा संपेपर्यंत.

ओपन-बॅक म्हणजे कपाच्या पाठीला बंद झाकण नाही, जाळी आहे. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ काढला तेव्हापासून ही पद्धत रुळली. पाठीमागून आवाज मोकळा बाहेर जातो, म्हणून तो कानात कोंडल्यासारखा वाटत नाही. हीच त्याची मजा आणि हीच पंचाईत, कारण त्याच जाळीतून बाहेरचं सगळं आतही येतं. फॅनची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती नेमका गाण्यातला खालचाच भाग झाकते. मग माणूस आवाज वाढवतो, वरचे सूर बोचायला लागतात, आणि हेडफोन कर्कश आहे असा शिक्का बसतो.

दहा मिनिटं फॅन आणि खिडक्या बंद करून ऐका. मे महिन्यात ही शिक्षाच आहे, पण फुकट आहे. बेस परत आला तर हेडफोनला काही झालेलं नाही. वेळ बदला, नाहीतर जागा. बस-रिक्षात आणि कुकर लावलेल्या स्वयंपाकघरात हा प्रकार चालतच नाही, त्यासाठी बंद पाठीचा हेडफोन वेगळा घ्यावा.

हेडफोन उलटा घाला

एक बाजू मंद असेल तर डाव्या कानाचा कप उजव्या कानावर घ्या. मंदपणा कपासोबत दुसऱ्या कानावर गेला, तर दोष हेडफोन, केबल, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प किंवा फोन यांपैकी कशात तरी आहे. त्याच कानावर राहिला, तर दोष कानाचा. आतापर्यंत तिघांच्या बाबतीत कानातला मळ निघाला. त्यातल्या एकाने तोवर नवीन केबल मागवली होती.

कान असेल तर कापसाची काडी घालून कोरू नका, मळ आणखी आत जातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आणि एका कानाचं ऐकू येणं एकाएकी कमी झालं असेल, आज सकाळी उठलो आणि असं झालं या थाटाचं, तर हे पुढे वाचत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यात उशीर झाला तर ऐकणं परत न येण्याची शक्यता वाढते.

फोन, कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्पची खुंटी

फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची एक पट्टी असते. घरात लहान मूल असेल तर ती मध्यभागी आहे असं गृहीत धरू नका. विंडोजमध्येही दोन्ही बाजूंचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो.

अ‍ॅम्प वापरत असाल तर आणखी एक गोम आहे. स्वस्त अ‍ॅम्पची आवाजाची खुंटी अगदी सुरुवातीच्या भागात दोन्ही बाजूंना सारखी चालत नाही. रात्री हळू आवाजात ऐकताना एक बाजू मंद आणि खुंटी पुढे फिरवली की दोन्ही सारख्या, असं होत असेल तर दोष खुंटीचा. कॉम्प्युटरवरचा आवाज उतरवा किंवा अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, कमीवर ठेवा, म्हणजे खुंटी मधल्या भागात आणून ऐकता येईल. खुंटी फिरवताना नुसती खरखर येत असेल तर आत धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने बहुधा जाते. अ‍ॅम्प बंद करून आणि प्लग भिंतीतून काढूनच मारा.

पलुसकरांची कसोटी

इथे माझा लाडका उपाय सांगतो. शास्त्रीय गायक दत्तात्रेय विष्णु पलुसकरांचा जन्म १९२१ चा, इथलाच, नाशिकचा. १९५५ मध्ये ते गेले, त्यामुळे त्यांचं ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज. कुणी नंतर त्यावर कृत्रिम स्टीरिओचे संस्कार केले नसतील, तर त्यांचा आवाज बरोबर कपाळाच्या मध्ये उभा राहायला हवा. डावीकडे कलला तर उजवी बाजू मंद आहे. अलीकडच्या स्टीरिओ गाण्यावर हे कळत नाही, कारण तिथे तबला मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असू शकतो.

याच गाण्यावर आणखी एक दोष पकडला जातो. तो इतका फसवा आहे की त्यावर जरा थांबतो.

हेडफोनच्या पिनेवर तीन भाग असतात. टोकाला डावी बाजू, मधल्या कड्याला उजवी आणि बुडाला दोघांची सामाईक तार. ही सामाईक तार तुटली, किंवा पिन सॉकेटमध्ये पूर्ण बसली नाही, तर दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडल्यासारखे होतात. मग त्यांना डावी आणि उजवी यांच्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायक दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तो वजा होतो. उरतात कडेची वाद्यं आणि गुंज. विहिरीच्या तळातला गायक तो हाच. लोकांना वाटतं हेडफोनमध्ये पाणी गेलं, पडदा फाटला, काहीही. अशा वेळी पलुसकर लावले तर जवळपास शांतता पसरते, कारण मोनोमध्ये फरकच नाही.

उपाय सोपा. पिन टक् आवाज येईपर्यंत दाबा. फोनच्या जाड कव्हरमुळे ती अर्धी बाहेर राहते, कव्हर काढून बघा. ६.३ मिमीचं ॲडॅप्टर असेल तर ते बाजूला ठेवा किंवा दुसरं लावा. सैल ॲडॅप्टर हा या दोषाचा सगळ्यात मोठा कारखाना आहे. तरीही गेलं नाही तर केबल.

केबलची अदलाबदल

पुष्कळ ओपन-बॅक हेडफोनची केबल काढता येते. सेनहायझरच्या एचडी ६०० आणि ६५० मध्ये प्रत्येक कपात दोन पिनांचा छोटा प्लग जातो, एक पिन जाड आणि एक बारीक, म्हणजे उलटा बसू नये. डाव्याचा प्लग उजव्या कपात आणि उजव्याचा डाव्यात लावा. मंद बाजू बदलली तर दोष केबलचा किंवा केबलच्या मागे असलेल्या यंत्राचा. त्याच कपाला चिकटून राहिली तर दोष कपात. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि याने अर्धा हेडफोन संशयातून मोकळा होतो.

प्लग काढताना केबल धरून ओढू नका, प्लगचं प्लास्टिक धरा. पावसाळ्यानंतर पिनांवर काळपट थर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून दोन-तीनदा आत-बाहेर केलं की निम्म्या जाणाऱ्या-येणाऱ्या बाजू जागेवर येतात.

बाहेरची स्वस्त केबल लावली आणि आवाज पसरट झाला, बेस गेला, मोनो गाण्यातला गायक कुठे उभा आहे तेच कळेना, तर एका बाजूच्या तारा उलट जोडलेल्या आहेत. केबल परत करा.

एकेजीच्या के ७०२ ला एकाच कपात केबल जाते, त्यामुळे ही अदलाबदल तिथे करता येत नाही. डीटी ९९० प्रोच्या नेहमीच्या आवृत्तीची केबल तर निघतच नाही. अशा वेळी मीटर.

मल्टिमीटर

साधा मीटर चालतो. हेडफोन सगळ्यातून काढून ठेवा. मीटर २००० ओहमच्या खुणेवर लावा. एक टोक पिनेच्या बुडाला, दुसरं आधी टोकाला आणि मग मधल्या कड्याला. एचडी ६०० वर ३०० ओहम लिहिलेलं असतं, डीटी ९९० प्रो मिळतो तो बहुधा २५० चा, के ७०२ वर ६२. मीटरचा आकडा याच्या आसपास येतो, अगदी तोच येईल असं नाही. महत्त्वाचं हे की दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. मीटर लावताना कपात बारीकसा टिक् ऐकू आला तर ड्रायव्हर जिवंत आहे.

एक चूक सगळे करतात, मीही केली आहे. मीटर बीपवर लावतात, बीप येत नाही, आणि "कॉइल (ड्रायव्हरमधलं तारेचं वेटोळं) तुटली" असा निकाल देतात. बीप फक्त थोड्या ओहमपर्यंत वाजते. ३०० ओहमला ती वाजणारच नाही.

एका बाजूला काहीच आकडा येत नसेल तर मीटर लावलेला ठेवून केबल पिनेपाशी आणि कपापाशी हलक्या हाताने वाकवा. आकडा उड्या मारायला लागला की तार तिथेच तुटली आहे. बहुतेक वेळा ती पिनेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर तुटते, कारण खुर्चीचं चाक तिथूनच जातं. तेवढा भाग कापून नवीन पिन डाग देऊन बसवता येते. स्वतःला डाग देता येत नसेल तर एम. जी. रोडवर मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांपैकी कुणीही करून देईल, पण तारांवरचं एनॅमल आधी जाळायला सांगा, नाहीतर डाग धरत नाही. आणि "फक्त पिन बदला, कप उघडू नका" हे दोनदा सांगा.

पॅड, चष्मा आणि खोबरेल

आवाज पातळ होण्याचं फॅननंतरचं कारण म्हणजे पॅड. पाठ उघडी असली तरी कानाभोवती पॅड नीट टेकायलाच हवा, नाहीतर बेस फटीतून निघून जातो. चष्म्याची दांडी अशी फट करते. चष्मा काढून एकदा ऐका, फरक कळेल. बारीक दांडीची फ्रेम बरी.

पॅड चपटे झाले की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाजाचा तोलच बदलतो. वर कानाची पाळी आतल्या कडक प्लास्टिकला टेकून दुखते. हेडफोन बोचतो ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी पॅड दाबून दाखवायला सांगतो. दाबलेला पॅड परत फुगत नसेल तर त्याचं आयुष्य संपलं. नवीन घ्या, शक्यतो त्याच कंपनीचे. बाहेरचे चामड्यासारखे जाड पॅड दिसायला मऊ असतात, पण लावले की हेडफोनचा आवाज ओळखू येत नाही.

मखमली पॅडचा शत्रू आपलं खोबरेल तेल. चंपी करून हेडफोन घातला की तेल स्पंजात मुरतं, त्यावर धूळ बसते, आणि सहा महिन्यांत पॅडचा पापड होतो. मखमली पॅड काढून कोमट पाण्यात, कपड्यांच्या पातळ साबणात हलक्या हाताने धुता येतात. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा, सावलीत वाळवा. एप्रिलात एका दिवसात वाळतात, जुलैत तीन दिवस धरा. ओलसर पॅड लावला तर ती ओल थेट ड्रायव्हरपाशी जाते.

दाब जास्त असेल तर आधी पट्टी लांब करून बघा. एचडी ६०० नवा असताना कानशिलं आवळतो, सगळ्यांचाच आवळतो. तो रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला की हळूहळू सैल होतो. गठ्ठा डोक्यापेक्षा थोडासाच रुंद हवा. हे फक्त आत स्टीलची पट्टी असलेल्यांना, नुसत्या प्लास्टिकच्या पट्टीला असा ताण दिलात तर ती तडकते. टाळू दुखत असेल तर पट्टी दोन बोटं पुढे-मागे करा. के ७०१ च्या जुन्या पट्टीवर तर फुगवटेच होते, ते अनेकांच्या टाळूला बोचायचे. एचडी ६०० साधारण २६० ग्रॅमचा आहे. काही प्लेनर हेडफोन (चुंबकांमध्ये पातळ पडदा ताणलेले) याच्या दुपटीच्या घरात जातात, तिथे पॅड बदलून मान सुटत नाही.

खालच्या सुरावर खरखर

आधी खात्री करा की खरखर गाण्यातलीच नाही. एकदा एक मुलगी तंबोरा सुरू झाला की हेडफोन झणझणतो म्हणून आली होती. ती जवारी होती, तंबोऱ्याची मुद्दाम आणलेली झणझण. तंबोरा तसाच वाजतो.

फोनवर टोन वाजवणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि अगदी हळू आवाजात २०० हर्ट्झपासून खाली २० पर्यंत या. दोष असेल तर एका ठरावीक जागी एकाच कपातून भिरभिर येते. बहुतेक वेळा तो पडद्याला टेकलेला केस असतो. दाढीचा, मांजराचा किंवा आपलाच.

पॅड काढा. एचडी ६०० चा पॅड कडेने धरून सरळ ओढला की क्लिपांतून सुटतो. आत पातळ स्पंजाची चकती असते, जुन्या हेडफोनमध्ये तिचा काळा भुगा झालेला दिसतो. तो भुगाही खरखर करतो. कप तोंड खाली करून धरा आणि पाठीवर बोटाने हलके टिचका मारा, भुगा खाली पडेल. मग बॅटरीचा उजेड आडवा पाडून बघा, केस चमकतो.

केस काढायला स्टीलचा चिमटा वापरू नका. ड्रायव्हरमधलं चुंबक त्याला खेचतं आणि टोक पडद्यातून आरपार जातं. टूथपिकच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा आणि केसाला टेकवून उचला. फुंकर नको, व्हॅक्युम नको, कारखान्यातला कंप्रेसर तर मुळीच नको. मी पहिल्या वर्षी एका एचडी ६५० वर एअरगन मारली होती. पडदा आत चेपला तो चेपलाच, आणि मित्राला नवा ड्रायव्हर मलाच माझ्या खिशातून आणून द्यावा लागला.

सातपूर-अंबडच्या लोकांसाठी वेगळी सूचना. लेथ किंवा ग्राइंडरजवळ हेडफोन ठेवू नका. लोखंडाचा कीस हवेत असतो, चुंबक तो ओढून घेतं. बाहेरच्या जाळीवर असेल तर चिकटपट्टीने निघतो. कॉइलच्या फटीत गेला असेल तर घरी निघत नाही, प्रयत्नही करू नका.

हम्म

लॅपटॉपचा चार्जर काढा. हम्म गेला तर चार्जर किंवा घरातलं अर्थिंग. लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंगची शंका पक्की धरा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे तारच नसते. हे काम इलेक्ट्रिशियनचं. सॉकेट स्वतः उघडू नका.

इथे थांबा

हेडफोन वॉरंटीत असेल तर पॅड आणि केबल सोडून कशालाही हात लावू नका. एक स्क्रू फिरला तरी वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

केबल चांगली आहे, कप उघडून थेट ड्रायव्हरच्या टोकांवर मीटर लावला आणि तरी आकडा येत नाही, तर कॉइलची तार तुटली आहे. ती केसाएवढी बारीक असते, पडद्याला चिकटवलेली असते, आणि सोल्डरगनची उष्णता पडदा विरघळवते. मी याला हात लावत नाही. ड्रायव्हर बदलायचा, तोही कंपनीच्या सर्व्हिसकडून.

अ‍ॅम्पला जळका वास येत असेल, किंवा अ‍ॅम्प सुरू करताना हेडफोनमध्ये मोठा थड् आवाज होऊन पडदा एका बाजूला ओढलेला राहत असेल, तर हेडफोन लगेच काढा. अ‍ॅम्पमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, येतोय, दुसरा हेडफोन लावून बघाल तर तोही जाईल. प्लेनर हेडफोनचा कप तर कधीच उघडू नका. दोन चुंबकांमध्ये कागदापेक्षा पातळ पडदा ताणलेला असतो, एक स्क्रू निसटून चिकटला की खेळ संपला.

सर्व्हिसला पाठवताना पॅड लावलेलेच ठेवा, केबल काढून वेगळ्या पिशवीत घाला, आणि चिठ्ठीत लक्षण लिहा, निदान नाही. "ड्रायव्हर गेला" असं लिहू नका. "उजवा कप, केबल अदलाबदल केली तरी उजवाच मंद, मीटरवर डावा २९८, उजवा काही नाही" असं लिहा. माझ्या अनुभवात अशी चिठ्ठी सोबत असलेले हेडफोन लवकर परत आले.